यांत्रिक ही शिवी नाही

काही वर्षांपूर्वी एका कादंबरीच्या परीक्षणात मी लिहिलं होतं, की तिची रचना ‘घड्याळासारखी यांत्रिक’ आहे. वाक्य मला आवडलं होतं. संपादकांनाही आवडलं असावं; त्यांनी ते चौकटीत छापलं. कादंबरीकार दुखावला, आणि मला त्याला दुखवायचंच होतं. घड्याळाची मात्र कुणालाच आठवण झाली नाही. परीक्षण लिहिलं त्या दिवसापर्यंत चालू घड्याळाची आतली बाजू मी एकदाही धड पाहिलेली नव्हती.

आपण साहित्यवाले ‘यांत्रिक’ हा शब्द शिवीसारखा वापरतो. यांत्रिक अभिनय, यांत्रिक अनुवाद, यांत्रिक संवाद. हिंदीत तेच, आणि शेजारच्या भाषांतली परीक्षणं मला जेवढी वाचता येतात त्यांतही तेच. अर्थ असा, की यात जीव नाही, विचार नाही, एकदा किल्ली दिली की आपोआप चालणारं काहीतरी. माझं म्हणणं असं, की ही शिवी तोच देऊ शकतो ज्याने घड्याळाची फक्त तबकडी पाहिली आहे. आणि तिच्यामागे नुसतं अज्ञान असतं तर मी हा लेख लिहिला नसता. ज्याला कळतं त्याने हात लावायचा नाही, आणि जो हात लावतो त्याला काही कळतं असं मानायचं नाही, ही आपली जुनी खोड तिच्यात मुरलेली आहे. माझ्यातही ती होती. पुरती गेली असं आजही म्हणवत नाही.

इंदूरचं आमचं जुनं घर विकायला काढलं तेव्हा माळ्यावर गोणपाटात बांधलेलं आजोबांचं घड्याळ सापडलं. भिंतीवरचं, लाकडी पेटीचं, ठोके देणारं. ते गोणपाटात गेलं ते माझ्यामुळे. मी अकरा वर्षांचा होतो, उन्हाळ्याची दुपार होती, घर झोपलेलं होतं, आणि मी स्टुलावर चढून ते खाली काढलं, पेटीतून यंत्र बाहेर घेतलं आणि पितळी प्लेटांचे चारही नट सोडवले. पुढचं नीट आठवत नाही. एक मोठा खणखणाट झाला, चाकं जमिनीवर पसरली, पोलादाची एक पट्टी सापासारखी उलगडली आणि माझा अंगठा फाटला. त्याची खूण अजून आहे. दुसरी खूण आजोबांनी गालावर उठवली होती, ती राहिली नाही.

राजवाड्यामागच्या एका गल्लीत, दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याला जागा नाही, असं एक दुकान आहे. तिथे बसणाऱ्या घडीसाजाला सगळे उस्ताद म्हणतात, मीही म्हणतो. त्यांनी गोणपाट सोडलं, तुटलेल्या दात्याचं एक चाक हातावर घेतलं आणि विचारलं, “किसने खोला था?” मी म्हटलं, मी. “ताकत उतारी थी?” मला प्रश्नच कळला नाही.

घड्याळात ताकद भरलेली असते आणि उघडण्याआधी ती उतरवावी लागते, ही पहिली गोष्ट मी पन्नाशीला टेकताना शिकलो. किल्ली देताना कर्र-कर्र वाजतं ते एका छोट्या अडसराचं वाजणं. पोलादी पट्टी, म्हणजे कमान, गुंडाळली जाते आणि हा अडसर तिला उलटं फिरू देत नाही. हिंदी कारागीर त्याला ‘कुत्ता’ म्हणतात. ताकद उतरवायची म्हणजे किल्ली मुठीत घट्ट धरायची, कुत्ता बोटाने उचलायचा आणि किल्ली मुठीतून हळूहळू उलटी सरकू द्यायची. अकराव्या वर्षी मी कुत्र्याला न विचारता दार उघडलं होतं.

त्याच दिवशी उस्तादांनी एक प्रयोग दाखवला. तो प्रत्येक समीक्षकाला दाखवावा असं मला वाटतं. त्यांनी दुसरं एक जुनं यंत्र घेतलं, कमानीला किल्लीचे दोनच वेढे दिले, आणि लंबकाच्या वर बसलेला, जहाजाच्या नांगरासारखा वाकडा, पोलादाचा तुकडा काढून घेतला. चाकं सुटली. भर्रकन आवाज झाला, काटे धावले, पाहता पाहता सकाळची दुपार आणि दुपारची रात्र झाली, आणि सगळं थंड पडलं. घड्याळाला मोकळं सोडलं तर ते उधळतं. कमानीला आपली सगळी ताकद एकदम टाकून सुटायचं असतं, आणि घड्याळ म्हणजे त्या घाईला घातलेली अट.

ती अट तो नांगर घालतो. त्याची एक नखी शेवटच्या चाकाचा दाता अडवते. लंबक झुलून पलीकडे जातो, नखी उचलली जाते, दाता निसटतो, आणि निसटता निसटता नखीला किंचित ढकलून जातो. तेवढ्यात दुसरी नखी पुढचा दाता अडवते. टिक हा अडवल्याचा आवाज, टॉक हाही अडवल्याचाच. आपण ज्याला घड्याळ चालल्याचा आवाज म्हणतो तो त्याच्या थांबण्याचा आवाज आहे. लंबक सेकंदाचा असेल तर दिवसाला ८६,४०० वेळा.

आता सांगा, कोण कुणाला चालवतं? मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या बहुतेकांनी, अभियंत्यांनीसुद्धा, सांगितलं की लंबकामुळे घड्याळ चालतं. लंबक एकाही चाकाला चालवत नाही. चाकंच त्याला प्रत्येक झोक्याला चिमूटभर ढकलतात, नाहीतर हवेच्या आणि टांगणीच्या घर्षणाने तो थोड्या वेळात निमूट उभा राहील. पण ते ढकलणं नेमकं कधी, हे ठरवतो लंबक. हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने १६५६ साली घड्याळाला लंबक जोडला आणि दिवसाला पाव तास मागेपुढे होणारं यंत्र काही सेकंदांच्या घरात आणलं. याला ‘विचार न करता चालणारं’ कसं म्हणायचं? विल्यम पेलीने १८०२ साली रानात सापडलेल्या घड्याळावरून ईश्वर सिद्ध करायचा घाट घातला. त्याचा ईश्वर पटो न पटो, निदान त्याने आधी घड्याळ उघडून आत कमान आहे, साखळी आहे, चाकं आहेत हे वाचकाला दाखवलं. आपण तेवढंही करत नाही.

आणि हे पाहायला गणिताची पदवी लागत नाही, दाते मोजता आले की पुरे. उंच उभ्या घड्याळांतली नेहमीची मांडणी घ्या. तासाला एक फेरा घेणाऱ्या मधल्या चाकाला ६४ दाते, ते ८ दात्यांच्या चिमुकल्या चाकाला फिरवतं. त्याच दांड्यावर ६० दात्यांचं चाक, ते पुन्हा ८ दात्यांच्या चाकाला फिरवतं. आठ गुणिले साडेसात, साठ. म्हणजे शेवटचं चाक तासाला साठ फेरे घेणार, मिनिटाला एक. त्याला ३० दाते, प्रत्येक दाता दोनदा अडणार, मिनिटाला साठ ठोके. म्हणून सेकंदकाटा थेट त्याच दांड्यावर बसवता येतो. त्रैराशिक आणि गुणोत्तर शाळेत मला वहीभर शिकवलं होतं. गुणोत्तर म्हणजे बोटाने फिरवून पाहता येणारी वस्तू असते हे कुणी सांगितलं नव्हतं.

सेकंदाच्या लंबकाची लांबी ९९ सेंटिमीटरांच्या किंचित पुढे असते. त्याची दांडी पोलादाची असेल आणि उन्हाळ्यात खोली हिवाळ्यापेक्षा वीस अंशांनी तापली, तर दांडी केसभर वाढते आणि घड्याळ दिवसाला दहा सेकंद मागे पडतं. आमच्या आजोबांचा ठाम समज होता, की वैशाखात त्यांचं घड्याळ ‘आळसावतं’. ते लंबकाच्या खालची चकरी थोडी फिरवून गोळा वर घेत. आम्ही हसायचो. घरात भौतिकशास्त्र सर्वांत जास्त त्यांनाच कळत होतं, आणि ते तलाठी होते.

ठोक्यांचं सांगायलाच हवं, कारण तिथे मी स्वतःला पुरता मूर्ख ठरवलं. तबकडीवर किल्लीची भोकं दोन असतात. एक काट्यांच्या कमानीचं, दुसरं ठोक्यांच्या कमानीचं. त्या दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत. बारा तासांत एकापासून बारापर्यंत ठोके द्यायचे तर बेरीज ७८ होते, एवढी ताकद काट्यांच्या कमानीकडून उसनी घेता येत नाही. जुन्या साध्या घड्याळांत ठोके मोजायला एक चाक असतं. त्याच्या कडेला खाचा, प्रत्येक दोन खाचांमधलं अंतर आधीच्यापेक्षा थोडं मोठं. काट्यांची यंत्रणा दर तासाला फक्त एक तरफ उचलते आणि म्हणते, चल. किती, ते सांगत नाही. ठोके पडत राहतात आणि तरफेचं टोक पुढच्या खाचेत पडलं की थांबतात. हातोडीला काटे कुठे आहेत हे माहीतच नसतं. तिला फक्त एवढं माहीत असतं, की मागच्या वेळी सहा दिले, आता सात द्यायचे. म्हणून ठोक्यांची कमान आधी संपली, किंवा कुणी काटे घाईने फिरवले, की दोघांची फारकत होते. सात वाजता चार ठोके. आमच्या आजीने कित्येक महिने असं घड्याळ तक्रार न करता वापरलं होतं. ठोक्यांत तीन मिळवून ती दुधाची वेळ सांगायची. ते घड्याळ बिघडलंय असं मी चाळीस वर्षं मानत आलो. उस्तादांनी ती तरफ नखाने उचलली, ठोके पडू दिले, पुन्हा उचलली, पुन्हा पडू दिले, काटा आणि ठोका एक होईपर्यंत. काहीही बिघडलेलं नव्हतं. पुढे याच्यावर उपाय निघाला. नंतरच्या यंत्रांत तासकाट्याच्या दांड्यावर गोगलगाईच्या शंखासारखी पायऱ्यापायऱ्यांची चकती बसवतात आणि ठोके देण्याआधी एक पट्टी तिच्यावर पडून किती वाजले ते दर वेळी नव्याने चाचपून पाहते. एक आठवणीवर चालतं, दुसरं पाहून. मग ‘यांत्रिक’ म्हणजे यांतलं नेमकं कोणतं? इथे अनुवादाची उपमा द्यायचा मोह होतोय. देत नाही. घड्याळाला उपमा म्हणून वापरून आपण त्याचं पुरेसं नुकसान केलं आहे.

मी काही ‘मुलांना सगळं मोडू द्या’ असं म्हणणाऱ्यांतला नाही. ती दुसरी फॅशन आहे, आणि तीही घड्याळ न उघडलेल्यांचीच. अकराव्या वर्षी मी घड्याळ खोललं आणि शिकलो काय? पोलाद कापतं, आणि आजोबा मारतात. उस्तादांच्या दुकानात खोलणं हे शिकण्याचं पहिलं पाऊलही मानत नाहीत. पहिलं पाऊल ताकद उतरवणं. दुसरं, काढायच्या आधी पाहणं: कोणतं चाक कुणाच्या वर, कोणता स्क्रू आखूड. मी कागदावर चित्र काढायचो तर ते म्हणाले, काढा, पण आधी डोळे मिटून सांगा. मग पेट्रोलमध्ये धुणं, काडीने भोकं साफ करणं, तेलाचा एक थेंब, तोही सुईच्या टोकावर मावेल एवढाच. आणि मग जुळवणी. चार-पाच दांड्यांची टोकं एकाच वेळी वरच्या प्लेटच्या भोकांत बसवायची असतात. एक बसवावं तर दुसरं निसटतं, आणि जोर लावला की टोक वाकतं. पहिल्यांदा मला त्याला अडीच तास लागले. त्या अडीच तासांत मला यंत्र कळलं. खोलायला दहा मिनिटं पुरली होती.

उस्तादांनी हे मला कधी वाक्यांत समजावलं नाही. त्यामुळे माझ्या ओळखीचे विद्वान चटकन म्हणतात, की त्यांना ‘येतं’ पण ‘कळत’ नाही. हा फरक सोयीचा आहे. एक हातघड्याळ दिवसाला चार मिनिटं पुढे जात होतं. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि बालकमानीचे, म्हणजे लोलचक्रामागच्या केसाएवढ्या स्प्रिंगचे, दोन वेढे तेलाने चिकटले आहेत असं सांगितलं. वेढे चिकटले की स्प्रिंग जणू आखूड होते, चक्र लवकर लवकर झुलतं, घड्याळ पुढे पळतं. लक्षणावरून कारण, कारणावरून उपाय, उपाय करून खात्री. आपल्याकडे याला कौशल्य म्हणतात. हेच कुणी इंग्रजीत चार परिच्छेदांत लिहिलं असतं तर आपण त्याला ज्ञान म्हटलं असतं.

याचं उत्तर इतिहासात आहे. जॉन हॅरिसन सुतार होता. त्याच्या पहिल्या घड्याळांची चाकं लाकडाची होती. समुद्रावर रेखांश कसा काढायचा, या प्रश्नावर इंग्लंडने १७१४ साली मोठं बक्षीस लावलं आणि मोठमोठे खगोलज्ञ आकाशात उत्तर शोधत राहिले. सुताराने घड्याळ केलं. त्याचं चौथं घड्याळ १७६१-६२ मध्ये जमैकाला गेलं. ८१ दिवसांनंतर चूक पाच सेकंदांच्या आसपास निघाली. तरीही मंडळाचा विश्वास बसेना. हॅरिसनचं लिहिणं अतिशय दुर्बोध होतं, वाक्य सुरू झालं की संपायचं नाव नसे, आणि लिहिता न येणाऱ्याला कळत असेल हे मानणं विद्वानांना तेव्हाही जड जात होतं. शेवटी १७६५ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या घरी एक समिती बसली आणि तिच्यासमोर त्याला आपलं घड्याळ खोलून तुकड्या-तुकड्यानिशी समजावावं लागलं. समितीत विद्यापीठातले लोक होते तसे घड्याळ बनवणारेही होते. १७६७ साली त्याचं वर्णन आराखड्यांसह छापलं गेलं. पण दुसरं घड्याळ झालं ते लार्कम केंडलच्या मेजावर, मूळ घड्याळ समोर ठेवून. केंडल त्या समितीत बसलेला कारागीर. त्याची नक्कल घेऊन कॅप्टन कुक १७७२ ते १७७५ च्या सफरीवर गेला. छापील पान हाताशी असूनही पुढच्या माणसाला वस्तू उघडावी लागली, ही गोष्ट आपल्यासारख्या छापील पानावर जगणाऱ्यांनी विसरू नये.

आता एक गंभीर आक्षेप. घड्याळाने माणसाला गुलाम केलं, असं आपण म्हणतो: गिरणीचा भोंगा, हजेरीचं कार्ड, लोकलची ८.१२. लुईस ममफर्डने १९३४ मध्येच मांडलं होतं, की औद्योगिक युगाचं मुख्य यंत्र वाफेचं इंजिन नसून घड्याळ आहे. मला हे मान्य आहे. पण भांडण तबकडीशी आहे आणि शिक्षा मागच्या चाकांना होते. १ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईकरांना आपली घड्याळं सुमारे ३९ मिनिटं पुढे करायला सांगितलं गेलं. शहर खवळलं, गिरणी कामगारांनी विरोध केला, आणि मुंबईच्या महापालिकेने आपली ‘मुंबई टाइम’ कित्येक वर्षं सोडली नाही. ही ३९ मिनिटं घड्याळात नेमकी कुठे शिरली? काटे आणि चाकांची रांग यांच्यात पक्का जोड नसतो. फक्त घर्षणाची पकड असते, म्हणून आतलं काहीही न हलवता काटे बोटाने फिरवता येतात. सरकारचा हुकूम तेवढ्या पकडीवरून घसरत आत आला. लंबक त्या दिवशीही तसाच झुलत होता जसा आदल्या दिवशी. ज्याने मागचं झाकण उघडून ही पकड पाहिली आहे त्याला सत्ता आणि यंत्र यांतला फरक बोटाने दाखवता येतो. ज्याने पाहिली नाही तो दोघांना मिळून ‘यांत्रिक संस्कृती’ म्हणतो आणि कवितेकडे वळतो.

आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची. हातोडी, पकड, विळी, पुढे आईचं शिवणयंत्र. झेंडूची फुलं, हळदकुंकू. वर्षातून एक दिवस हत्याराला फूल वाहायचं आणि उरलेले दिवस ते धरणाऱ्याला ओसरीवर बसवायचं, त्याचा कप वेगळा ठेवायचा. हे आपल्या शिक्षणाचं नेमकं चित्र आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, सहावी ते आठवीच्या दरम्यान कधीतरी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाण्याची तरतूद आहे. तीन वर्षांत दहा दिवस: सरकारी खंडेनवमी. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हाताच्या कामातून सगळं शिक्षण, अशी कल्पना मांडली गेली होती, तिची फोटोला हार घालून आपण वासलात लावली. आणि आमच्या मध्य प्रदेशात होशंगाबादचा विज्ञान शिक्षणाचा प्रयोग झाला. १९७२ मध्ये १६ ग्रामीण शाळांतून सुरू झाला, पुढे शेकडो सरकारी शाळांत पसरला. मुलं प्रयोग करायची, मोजायची, आपसांत वाद घालायची आणि परीक्षेला पुस्तक उघडं ठेवून बसायची. तीस वर्षं चाललेला हा कार्यक्रम २००२ साली राज्य सरकारने बंद केला. मुलांच्या हाती पुन्हा नेहमीचं पाठ्यपुस्तक आलं. त्या वेळी आमच्या किती साहित्यिक नियतकालिकांनी त्यावर एक पान खर्च केलं, हे प्रत्येकाने आपापल्या कपाटात पाहावं. मी पाहिलं. त्या वर्षी मी तीन परीक्षणं लिहिली होती.

गेल्या वर्षी मी एका शाळेला सुचवलं: दोन शनिवार, दहा बंद पडलेली घड्याळं, उस्ताद आणि सातवीची मुलं. शाळेने तीन प्रश्न विचारले. त्यांची शैक्षणिक पात्रता काय, हे कोणत्या विषयात बसतं, आणि कुणाला लागलं तर जबाबदार कोण. तिसरा प्रश्न रास्त आहे, माझा अंगठा साक्षीला आहे. त्याचं उत्तरही उस्तादांकडे होतं, मुलांच्या हाती यंत्र द्यायचं ते ताकद उतरवूनच. दुसऱ्या प्रश्नावर मी गणित, भौतिकशास्त्र, इतिहास आणि भाषा असं लिहून दिलं, ते त्यांना उद्धट वाटलं. पहिल्यावर उस्ताद म्हणाले, “लिख दो, आठवीं फेल।” मी लिहिलं नाही. शाळेचं उत्तर आलं नाही.

कुणी म्हणेल, हे जुन्या काळाचं रडगाणं आहे. नाही. क्वार्ट्झ घड्याळ उघडा, त्यातही पाहण्यासारखं आहे. गारगोटीचा एक छोटा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. या आकड्याचं पंधरा वेळा अर्धं करत जा, बरोबर एक उरतो, आणि म्हणूनच तो आकडा निवडलेला आहे. हे सातवीतलं मूल पाटीवर करू शकतं. माझी तक्रार नव्या वस्तूंबद्दल नाही, न उघडणाऱ्या वस्तूंबद्दल आहे: डिंकाने चिकटवलेले फोन, कंपनीखेरीज कुणाकडे पेचकस नसलेले स्क्रू, ‘उघडल्यास वॉरंटी रद्द’ असं लिहिलेली चिकटपट्टी. मालक तुम्ही, पण आत पाहायचं नाही. मला ही चिकटपट्टी ओळखीची वाटते. आपण कितीतरी पिढ्या ज्ञानावर अशीच लावत आलो.

आणि वेळ फार नाही. एचएमटीच्या घड्याळांचा कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला; आता सुटे भाग मिळतात ते मेलेल्या घड्याळांतून. उस्तादांच्या खणात कागदाच्या पुड्यांत बांधलेली बालचक्रं, दांडे, कुत्ते आहेत. कोणत्या पुडीत काय, ते लिहिलेलं नाही. त्यांचा मुलगा मोबाइलचे काच बदलतो, त्यात पैसे बरे मिळतात. गल्लीतली अशी चार दुकानं माझ्या आठवणीत होती. आता दोन आहेत, त्यांतल्या एकात घड्याळाचे पट्टे आणि बॅटरी एवढंच विकतात. कुत्ता, बालकमानी, चकरी हे शब्द कोणत्याही साहित्यिकाने वापरलेले मला आढळलेले नाहीत. दुकानाबरोबर तेही जातील, आणि मग आपण ‘लुप्त होणारी शब्दसंपदा’ या विषयावर चर्चासत्र घेऊ.

त्या कादंबरीकाराला मी पत्र लिहिलं. त्याची रचना घड्याळासारखी नव्हती, घड्याळात एकही चाक उगाच नसतं, असं कळवलं. तो आणखी दुखावला.

आजोबांचं घड्याळ आता माझ्या भिंतीवर चालतं. त्याचे ठोके मी मुद्दाम चुकीचे ठेवले आहेत, सात वाजता चार. खालच्या मजल्यावरची बारा वर्षांची मुलगी दर रविवारी येऊन विचारते, असं का? मी सांगत नाही. मात्र किल्ली कुठे असते ते दाखवलं आहे, आणि ती मुठीत धरून कुत्ता कसा उचलायचा तेही दोनदा करवून घेतलं आहे. झाकण उघडायला तिच्या आईची परवानगी अजून मिळालेली नाही.